बाजारतळावर गाळे बांधायचं चाललंय, पुनर्वसित गावातल्यांनी जरा बोला

माळवद
नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, आधीच सांगतो. आमचं गाव औसा तालुक्याच्या कडेचं, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात जी गावं झोपली त्यातलं एक. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. जुनं गाव तेरणा नदीच्या बाजूला होतं, काळ्या दगडाच्या दोन दोन हात रुंद भिंती, वर माळवद, त्याच्यावर माती. ती मातीच माणसांच्या अंगावर आली. त्यानंतर जी 52 गावं पूर्ण उचलून दुसरीकडं बसवली त्यात आमचंही होतं. माळावर आखलेलं नवं गाव मिळालं, सरळ रस्ते, नंबर टाकलेली घरं.

आता विषय. नव्या गावाच्या मधोमध लेआउटमध्ये सोडलेली मोकळी जागा आहे, आम्ही तिला बाजारतळ म्हणतो कारण बुधवारचा बाजार तिथंच भरतो. आम्ही राहायला आलो तेव्हा त्या माळावर सावलीला एक झाड नव्हतं. शाळेतल्या पोरांना गुरुजींनी कडुलिंबाची रोपं दिली, प्रत्येकाने एक लावायचं आणि टँकर आला की आपापल्या झाडाला तांब्याभर पाणी घालायचं. त्यातली चौदा जगली. एक माझं आहे, त्याच्याखाली आज माळवं, म्हणजे भाजीपाला विकणाऱ्या बाया बसतात.

ग्रामपंचायतीने ठरवलंय की या जागेवर व्यापारी गाळे काढायचे, खाली दुकानं, वर ग्रामपंचायतीचं ऑफिस आणि हॉल. ठराव झाला म्हणायलेत. कधी झाला, कुठं झाला, कुणी हात वर केले, मी आईला विचारलं, चुलत्याला विचारलं, मित्रांना विचारलं, कुणालाच माहीत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक रंगीत चित्र आलं काचांच्या इमारतीचं, त्याच्याखाली पन्नास जणांनी हात जोडले आणि झालं.

मी पुण्यात नोकरीला आहे, महिन्या दोन महिन्याला जातो. गावात न राहणाऱ्याने बोलू नये असं कुणी म्हणेल, पण मतदान माझं अजून तिथंच आहे आणि आई तिथंच आहे. मला भांडण नको, सरपंचबाई चांगल्या आहेत, नात्यातल्याच आहेत. पण एकदा बांधकाम उभं राहिलं की जागा गेली. काय करावं?

नवीन_दुकानदार
दादा तुमच्या भावना कळतात पण दुसरी बाजू पण ऐका. मी आपल्याकडच्याच एका पुनर्वसित गावात मोबाईल रिपेरिंगचं करतो, पत्र्याच्या टपरीत. पावसात पाणी येतं, उन्हात मशीन बंद पडते. गाळा मागावा तर गावात गाळाच नाही, कारण लेआउट करताना दुकानं लागतील याचा विचारच केला नव्हता, नुसती घरं आखली. आमच्या गावचे चार पोरं रोज किल्लारीला जाऊन दुकान चालवतात. गाळे झाले तर ते परत येतील. झाडं आहेत, बाजार आहे हे ठीक आहे पण बाजार आठवड्यातून एक दिवस, बाकी सहा दिवस तिथं कुत्री बसतात नाहीतर गाड्या लागतात. पुण्यात बसून गाव जसंच्या तसं राहावं वाटणं सोपं असतं, राग मानू नका.

माळवद
राग नाही भाऊ, तुमचं खरं आहे. गाळे नकोच असं मी म्हणत नाही. गाळे कुठं, किती, कुणाला आणि कुणी ठरवलं एवढंच विचारतोय.

जुना_ग्रामसेवक
एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात, म्हणून थोडं सांगतो. आता आमच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.

पहिला प्रश्न ठरावाचा नाही, जागेचा आहे. ती जागा कुणाच्या नावावर आहे? भूकंपाच्या वेळी शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित करून शासनाने गावं बसवली. कित्येक गावात सातबारावर अजून शासनाचंच नाव आहे, मोकळ्या जागा, रस्ते ग्रामपंचायतीकडे रीतसर वर्ग झालेल्याच नाहीत. वर्ग झाली नसेल तर ग्रामपंचायत त्याच्यावर गाळे बांधून भाड्याने देऊ शकत नाही, ती तिची मालमत्ताच नाही. आणि वर्ग झाली असेल तरी विकायची किंवा लांब मुदतीने भाड्याने द्यायची तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते. नंतर नाही, आधी. मी स्वतः एका गावात बघितलंय, गाळे झाले, डिपॉझिट घेतलं, लोकांनी शटर लावले, आणि मंजुरीच नव्हती. सगळ्यात जास्त रडले ते ज्यांनी बायकोचे दागिने मोडून डिपॉझिट भरलं होतं ते दुकानदार. तेव्हा नवीन_दुकानदार भाऊ, ही गोष्ट तुमच्याही फायद्याची आहे.

तालुक्याला जाऊन मंजूर लेआउटचा नकाशा काढा. त्यात त्या जागेवर काय लिहिलंय ते वाचा. बाजार लिहिलंय, खेळाचं मैदान लिहिलंय का नुसतं मोकळी जागा. भूमी अभिलेखला मोजणीचा नकाशा बघा. आपल्याकडच्या जुन्या गावांना 1954 च्या खासरा पत्रकाचा आधार असतो, तुमच्या नव्या गावाला तो उपयोगाचा नाही कारण तेव्हा तो माळ कुणाची तरी शेती होती. तुमचा आधार म्हणजे लेआउट.

शेवगा
माळवद दादा, मी उमरगा तालुक्यातली. लग्न होऊन पुनर्वसित गावात आले, सासूबाई जुन्या गावातल्या. त्यांच्याकडून जे ऐकलं ते सांगते, तुमच्या विषयाशी जोडलेलं आहे.

नवं गाव झालं तेव्हा घरं जमिनीच्या हिशोबाने दिली ना, भूमिहीन आणि थोडी जमीन असणाऱ्याला 250 स्क्वेअर फूट, मधल्याला 400, मोठ्या शेतकऱ्याला 750. आणि एका मापाची घरं एका ओळीत. त्याच्यामुळं झालं काय की जुन्या गावात भिंतीला भिंत लागून राहणारे दीर भावजया गावाच्या दोन टोकांना गेले. सासूबाई म्हणायच्या, आधी मी चुलीवर तवा ठेवून शेजारणीला हाक मारायचे पीठ दे म्हणून, इथं हाक मारली तर रस्त्याच्या पलीकडं पण जात नाही. रस्ते एवढे रुंद की ऊन उतरेपर्यंत बाहेर पडता येत नाही. जनावरं बांधायला जागा नाही, कडबा ठेवायला जागा नाही, मग प्रत्येकाने पुढं पत्रा ओढला.

कुणी वाईट हेतूने केलं नव्हतं. माणसं मेली होती, थंडी आली होती, सगळ्यांना घाई होती. पण घरात कोण कसं राहतं हे बायकांना विचारलंच नाही. नंतर नंतर तोच पुनर्वसनाचा कार्यक्रम पुढं गेला तेव्हा गावागावात संवाद सहायक म्हणून बायका नेमल्या, ज्यांची घरं जागेवरच दुरुस्त करायची होती तिथं त्या घरोघर गेल्या, भिंतीत बांधणीचा दगड का घालायचा ते समजावलं. सासूबाईंची बहीण तसं काम करायची. ती म्हणायची जिथं विचारलं तिथली घरं लोकांनी आपली म्हणून सांभाळली.

आता बाजारतळाचं. तुमच्या त्या रुंद रस्त्यांच्या गावामध्ये माणसं एकमेकाला भेटतील अशी दुसरी जागा आहे का? आमच्या गावात नाही. म्हणून मला वाटतं की तो विषय झाडांचा नाही फक्त.

माळवद
शेवगाताई, वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही. आमचंही तसंच. काका एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला. बुधवारी बाजारात भेट व्हायची, आजी आणि तिची जाऊ माझ्या लिंबाखाली बसून तंबाखू मळत बोलत बसायच्या. आजी गेली तेव्हा ती जाऊ पहिल्या बुधवारी तिथं एकटी येऊन बसली होती. आईने सांगितलेलं आहे हे.

तेरणाकाठचा
सगळे भावनेवर चाललेत, पैशाचं कुणी बोलत नाहीये. मी दोन टर्म सदस्य होतो, खर्च बघितलाय. गाव पूर्वी एवढुसं होतं, आता कितीतरी पट पसरलंय. पाईपलाईन तेवढी लांब, नाली तेवढी लांब, खांब तेवढे जास्त, दिव्यांचं बिल तेवढं मोठं. माणसं तेवढीच, घरपट्टी तेवढीच. आणि घरपट्टी भरतं कोण, अर्धी बाकी प्रत्येक गावात. वित्त आयोगाचे पैसे येतात पण पंधराव्या वित्त आयोगात (2021 ते 2026) साठ टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्याच कामाला वापरायचे होते, तीस पाण्याला तीस स्वच्छतेला, उरलेल्या चाळीस टक्क्यात सगळं गाव. मोटार जळाली की सरपंच खिशातून पैसे घालतो, नंतर बिलाची वाट बघतो. गाळ्याचं भाडं आलं तर निदान पाणीपुरवठ्याचं लाईटबिल सुटतं. स्वतःचं उत्पन्न नसलेली ग्रामपंचायत म्हणजे सतत तालुक्याकडं हात पसरणं.

पैठणचा_पाहुणा
तेरणाकाठचा भाऊ, उत्पन्नाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण उत्पन्न म्हणजे गाळेच का? आमच्या वाळूजच्या बाजूला पाटोदा आहे, माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांचं. जो सगळा कर भरेल त्याला वर्षभर दळण फुकट दळून मिळतं. लोक कर भरायला स्वतःहून जायला लागले कारण बाईला दिसलं की आपल्या घरात रोज काहीतरी येतंय. मी गेलोय बघायला, रस्त्यावर कागद सापडत नाही. आता कुणी म्हणेल पाटोद्याजवळ एमआयडीसी आहे म्हणून परवडतं, ते पण थोडं खरं आहे, माळावरच्या गावाला ते जसंच्या तसं जमणार नाही. पण बाकी वसूल करायची युक्ती जमू शकते. आणि पेरे पाटलांचंच उदाहरण बघा, एवढं काम करूनही 2021 च्या निवडणुकीत त्यांची मुलगी पडली. लोकांना कधी काय वाटेल सांगता येत नाही, म्हणून एका माणसाच्या भरवशावर काहीच ठेवू नये, ठरावावर ठेवावं.

जुना_ग्रामसेवक
ठरावाचंच सांगतो आता, काल अर्धवट राहिलं.

दोन सभा असतात, त्यात लोक गोंधळतात. एक मासिक सभा, ती फक्त सदस्यांची. दुसरी ग्रामसभा, ती गावातल्या सगळ्या मतदारांची. तुमच्याकडं "ठराव झाला" म्हणतात तो मासिक सभेतला असण्याची शक्यता जास्त. विकासाच्या कामाला आणि त्याच्या खर्चाला ग्रामसभेची मान्यता लागते, ते टाळता येत नाही.

ग्रामसभा वर्षात चार तरी घ्यावीच लागते. साध्या सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, आणि दवंडी. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यात जे कमी असेल ते. आता नेहमीचं काय होतं, सकाळी दहाची सभा, साडेदहाला वीस माणसं, कोरम नाही, सभा तहकूब. तहकूब सभेला कोरमची अट नाही. मग पुढच्या वेळी पंधरा जणांत सगळं मंजूर आणि रजिस्टर नंतर घरोघर सह्यांना फिरतं. हे बेकायदेशीर म्हणता येत नाही जोवर सह्या नंतर घेतल्या हे सिद्ध होत नाही. पण तहकूब सभेत मूळ नोटिशीतले विषय सोडून नवा विषय घेता येत नाही, हे लक्षात ठेवा. "आयत्या वेळचे विषय" या नावाखाली बाजारतळ घेतला असेल तर तिथंच बोट ठेवता येतं.

मी नोकरीत असताना अशा सह्या घेतल्यात का, तर हो, सुरुवातीची काही वर्षं घेतल्यात. वरून दबाव असायचा, सभा झाली दाखवायची असायची. आज त्याचं वाईट वाटतं. म्हणून इथं लिहायलोय.

माहिती अधिकारात मागा: मासिक सभेचं आणि ग्रामसभेचं प्रोसिडिंग, हजेरी रजिस्टरची पानं, कामाचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. दहा रुपये फी, एक विषय, दीडशे शब्दांत अर्ज. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. पण त्याच्याआधी नुसतं ऑफिसला जाऊन "दाखवा" म्हणा. अर्ज टाकला की माणसं ताठरतात, गावात तोंड बघायचं असतं.

सदस्यताई
मी निलंगा तालुक्यात सदस्य आहे, महिला राखीव जागेवरून आले. नाव सांगत नाही. जुना_ग्रामसेवक काका, तुम्ही कबूल केलं ते बरं वाटलं, आम्हाला कुणी असं सांगत नाही.

पहिलं वर्षभर मी मासिक सभेला गेले की चहा व्हायचा, पतीराज लोकं बोलायचे आणि रजिस्टर पुढं यायचं. मी एकदा म्हटलं वाचून दाखवा मग सही करते. शांत झाले सगळे. वाचलं तर त्यात नालीचं काम होतं जे आम्ही चर्चेला घेतलंच नव्हतं. तेव्हापासून मी वाचल्याशिवाय सही करत नाही, आणि आता बाकीच्या तीन बायका पण करत नाहीत.

माळवद दादा, एक करा. प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचीच असते, नियमात आहे, पण कागदावरच होते. तुमच्या आईला आणि बाजारात बसणाऱ्या बायांना सांगा की ती सभा मागा. तिथं जे ठरेल ते ग्रामसभेत मांडावं लागतं. पुरुषांच्या सभेत शंभर जण गोळा करणं अवघड, बायका बचत गटाच्या मिटींगला तशाही येतात. आणि ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला बालकल्याणला खर्च करायचे असतात, ते बाजारतळावर बायांसाठी मुतारी आणि ओटे करायला मागता येतील. बुधवारी माळवं घेऊन येणारी बाई सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत बसते, तिने कुठं जायचं याचा विचार त्या काचेच्या चित्रात आहे का?

माळवद
नाही ताई. चित्रात पार्किंग आहे, कारंजं आहे. ते नाही.

आरसीसी
मी सिव्हिल इंजिनिअर, लातूरला. दोन गोष्टी.

एक, दुमजली इमारत मधोमध बसवली की चारी बाजूला उरलेली जागा कुणाच्याच कामाची राहत नाही, सगळ्यात वाईट मांडणी तीच. बाजारतळाची एक बाजू मोठ्या रस्त्याला लागून असेल तर त्याच बाजूला एकमजली गाळ्यांची एक ओळ काढा, 10 बाय 15 चे, पाठ तळाकडं. पाठीला सात आठ फुटाची पत्र्याची पडवी काढली की त्याच्याखाली बाजाराच्या बाया बसतील. दुकान रस्त्याकडं उघडतं, बाजार आतल्या बाजूला, दोघांचं भांडण नाही. झाडं वाचतात. खर्च निम्म्यावर येतो, कारण जिना, हॉल, काच काही नाही. ऑफिस जुन्याच ठिकाणी दुरुस्त करा.

दोन, हे जास्त महत्त्वाचं. 1993 च्या आधी आपला सगळा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन 1 मध्ये होता. कुणी अपेक्षाच केली नव्हती. 2002 ला नियमावली सुधारली तेव्हा तो झोन 3 मध्ये घेतला. 2024 च्या मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये हिंगोलीकडं 4.5 चे धक्के बसले, नांदेड परभणीपर्यंत लोक सकाळी बाहेर पळाले. बाहेर म्हणजे कुठं पळाले? गावातल्या मोकळ्या जागेत. गावाच्या मधोमध मोकळी जागा असणं हे रिकामं ठेवणं नसतं, ती वापरातच असते, फक्त ती पहाट रोज येत नाही. ज्या गावाने ते एकदा बघितलंय त्याने तरी तिथं दोन मजले चढवू नयेत.

अंदाजपत्रक बघायला मिळालं तर इथं आकडे टाका, दर बरोबर आहेत का सांगतो. आणि गुत्तेदार कोण आहे ते पण बघा, ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा सरळ किंवा आडून हिस्सा असला तर त्याचं पद जातं.

नवीन_दुकानदार
आरसीसी साहेब, रस्त्याच्या बाजूची ओळ मला पटली. खरं तर दुकानदार आतला गाळा नकोच म्हणतो, पहिल्या मजल्यावरचा तर फुकट पण घेणार नाही. मी काल जे लिहिलं ते थोडं तावातावाने लिहिलं. डिपॉझिटची गोष्ट वाचून झोप नाही लागली, माझ्या भावाने एका ठिकाणी तसंच भरलंय, पावती साध्या कागदावर आहे.

जुना_ग्रामसेवक
भावाला सांगा ग्रामपंचायतीची छापील नमुन्यातली पावती मागायची, पुस्तकातली, नंबर असलेली. साध्या कागदावरचा पैसा ग्रामपंचायतीकडं आलाय असं कुणी मानणार नाही. उद्याच जायला सांगा.

तेरणाकाठचा
एक गोष्ट राहिली. अतिक्रमणाचं. बाजारतळावर आज ज्यांच्या टपऱ्या आहेत त्यांचं काय? त्यातली निम्मी सदस्यांच्या घरच्यांची असतात प्रत्येक गावात. सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असेल तर सदस्यपद जातं, आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घरच्यांचं अतिक्रमण असेल आणि सदस्य तिथंच राहत वापरत असेल तरी जातं. हे मी भांडण लावायला नाही सांगत. पण गाळे काढायची घाई कधी कधी याच्यामुळं असते, टपरी नियमात बसवायला. ते उघड बोलून टाकलेलं बरं, टपरीवाल्याला आधी गाळा आणि मग बाकीच्यांना चिठ्ठ्या टाकून, असं ठरवलं तर कुणाला लपवायचं कारण उरत नाही. माझ्या काळात मी हे बोललो नाही, दोन मतं जातील म्हणून.

माळवद
मंडळी, अपडेट देतोय, तीन आठवडे झाले.

सुट्टी काढून गावी गेलो. आधी सरपंचबाईंच्या घरी गेलो, आईला घेऊन. त्यांना सरळ म्हटलं काकू, मी विरोधात नाही, मला फक्त कागद बघायचाय. त्या म्हणाल्या, अरे मलाच नीट दाखवला नाही, चित्र दाखवलं आणि सही घेतली. पुढं त्या जे बोलल्या ते इथं लिहीत नाही, पण आईच्या डोळ्यात पाणी आलं. दुसऱ्या दिवशी त्याच मला ऑफिसला घेऊन गेल्या आणि रजिस्टर काढून दिलं. ठराव मासिक सभेतलाच होता. सातबारा काढला, जागा अजून शासनाच्या नावावर, वर्ग झालेली नाही. ग्रामसेवक काका, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये सांगितलं होतं.

लेआउटचा नकाशा तालुक्याला दोन खेटे घालून मिळाला. पिवळा पडलाय, घडीवर फाटलाय. मधल्या चौकोनावर हाताने लिहिलंय: बाजार व खुली जागा. मी तो नकाशा टेबलावर पसरून कितीतरी वेळ बघत बसलो. आमच्या घराचा नंबर सापडला, काकांचा सापडला, मधलं अंतर बोटाने मोजलं.

मग महिलांची सभा झाली. आई आणि बचत गटाच्या बायांनी दोन दिवस घरोघर सांगितलं. बहात्तर बाया आल्या. शाळेच्या व्हरांड्यात जागा पुरली नाही म्हणून सगळ्या उठून बाजारतळावर लिंबांच्या खाली जाऊन बसल्या, कुणी सांगितलं नव्हतं. तिथं एक आजीबाई बोलल्या, भूकंपात त्यांची दोन लेकरं गेलेली आहेत, त्या कधी कुठं बोलत नाहीत. म्हणाल्या, त्या पहाटे आम्हाला बसायला मोकळी जागा नव्हती, प्रेतं ठेवायला पण नव्हती, रस्त्यावर ठेवली. एवढंच बोलून बसल्या. त्याच्यानंतर कुणी फार वाद घातला नाही.

ग्रामसभेला कोरम भरला, एकशे चाळीसच्या वर सह्या, सभा सुरू व्हायच्या आधी घेतलेल्या. पुरुष मंडळीत गरमागरमी झाली, दोन जण उठून गेले, एकाने मला पुण्याचा पाहुणा म्हटलं. मग सदस्यताई, तुमचं ऐकून मी फक्त एक मागितलं, ठराव लिहिल्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवा. वाचला. ठराव असा: आधी मोजणी करून जागा ग्रामपंचायतीकडे वर्ग करून घ्यायची, तोवर बांधकाम नाही. मधली जागा मोकळी ठेवायची. रस्त्याच्या बाजूला एकमजली गाळ्यांच्या ओळीचा नवा आराखडा करायचा आणि तो पुढच्या ग्रामसभेत ठेवायचा. सध्याच्या टपरीवाल्यांना आधी, बाकीच्यांना चिठ्ठ्या टाकून. बायांसाठी मुतारी आणि ओटे पहिल्या टप्प्यात.

घरपट्टीच्या बाकीचा विषय निघाला पण मिटला नाही. दळणाची गोष्ट मी सांगितली, लोक ऐकून घेतले, पण गिरणी घ्यायला पैसे कुठून यावर अडलं. तेरणाकाठचा भाऊ, तुमचा मुद्दा तसाच उभा आहे, मोटारीचं बिल या महिन्याचं पण थकलंय.

तेरणाकाठचा
एकशे चाळीस म्हणजे लई झाले. माझ्या दोन टर्ममध्ये एकदा पण नाही झाले. बिलाचं बघा, ते सोडू नका.

शेवगा
आजीबाईंना माझा नमस्कार सांगा.

आरसीसी
आराखडा मी काढून देतो, पैसे नकोत. मोजणी झाली की नकाशा पाठवा, आणि झाडांची जागा त्याच्यावर खूण करून पाठवा, प्रत्येक झाडापासून रस्त्यापर्यंत किती फूट आहे ते. अंदाजे नको, टेपने मोजा.

माळवद
मोजणीचा अर्ज गेलाय, तारीख मिळायची आहे. झाडांचं मोजमाप त्याच्याआधी करून ठेवतो. पुढच्या बुधवारी गावीच आहे, बाजार उठला की संध्याकाळी टेप धरायला चुलत भाऊ येतोय, आणि नवीन_दुकानदार भाऊ पण येतो म्हणालेत त्यांच्या गावाहून. चौदाही झाडांना खडूने नंबर टाकतो आणि फोटो इथं टाकतो.